हँडब्रेक आत गेला

हँडब्रेक हे काही त्याचं बारशाचं नाव नव्हतं. सहलीच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला आणि पहिल्याच आठवड्यात डेपोतल्या लोकांनी ते चिकटवलं. बायकोला त्यानं सांगितलं होतं, "माझा ब्रेक इतका मुलायम लागतो ना, की मागच्या सीटवरच्या म्हातारीच्या हातातला चहा हिंदकळत नाही. म्हणून तसं म्हणतात." बायकोला ते फार आवडलं. सगळ्या गल्लीला तिनं ते कौतुकानं सांगितलं.

खरं कारण वेगळं होतं. गाडी एकदा पार्किंगला लावली, की हा माणूस जागचा हलायचा नाही.

शहर बघण्यासारखं होतं. दूरदूरची माणसं विमानानं यायची आणि याच्या बसमध्ये बसायची. सकाळी जुना राजवाडा, मग संग्रहालय, दुपारी झाडांची मोठी बाग आणि शेवटी डोंगरापलीकडची समुद्रकाठची गुहा. माणसं टोप्या घालून आत जायची आणि हा बाहेर गाडीत. कंपनीचा नियमच होता, ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही. सुरुवातीला वाटायचं, एकदा जाऊन यावं. उद्या जाऊ. पुढच्या आठवड्यात जाऊ. मग सीट मागे पाडून डुलकी काढायची सवय लागली, आणि डुलकीपुढे कुठला आलाय राजवाडा!

पण लग्नाच्या नव्या नवलाईत एक भानगड झाली. संध्याकाळी घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "अहो, आज काय काय पाहिलंत?" विचारताना तिचे डोळे असे काही लुकलुकत होते, की "पार्किंग" असं सांगायला त्याची जीभ रेटेना. त्या दिवशी मागच्या सीटवर दोघं कसल्या तरी अजस्र माशाबद्दल बोलत होते. त्यानं तेच उचललं. "बागेत एक देवमासा आहे," तो म्हणाला. "त्याची हाडं. आपलं घर, शेजाऱ्यांचं घर आणि मधली मोरी, सगळं त्याच्या पोटात जाईल." बायकोच्या हातातली सुरी भाजीवरच थांबली. ती नुसती बघत राहिली. हाडांकडे नव्हे, त्याच्याकडे.

एवढं पुरे झालं. तसा तो साधाच माणूस. भिंतीत खिळा ठोकायला घेतला तर भिंत पडायची, गाणं म्हटलं तर शेजारी खिडकी लावून घ्यायचे. जगात एकच गोष्ट अशी होती, की जिच्यामुळे बायको त्याच्याकडे तशी बघायची. त्यामुळे उभी नोकरी त्यानं मागच्या सीटवरच्या गप्पा ऐकून रोज संध्याकाळी एक एक नवल घरी नेलं.

फक्त एक घोळ होता आणि तो त्याच्या लक्षात कधी आलाच नाही. माणूस एखादी जबरदस्त गोष्ट पाहून बाहेर आला, की लगेच तिच्याबद्दल बोलत नाही. आधी पाणी मागतो, मग चपलेत गेलेला खडा काढतो, मग "आपली आत्या कुठे राहिली?" म्हणून हाकाटी करतो. तेवढ्यात पुढचं ठिकाण येतं. राजवाड्याबद्दल त्याला तोंड फुटतं ते संग्रहालय पाहून बाहेर आल्यावर आणि संग्रहालयाबद्दल बागेतून बाहेर पडल्यावर. हँडब्रेकला वाटायचं, हे आत्ताच पाहिलेलं सांगतायत. त्यामुळे त्याच्या डोक्यातलं अख्खं शहर एकेक स्टॉप पुढे सरकलेलं होतं. राजवाड्यातली नवलं संग्रहालयात आणि संग्रहालयातली बागेत. राजवाड्यासाठी काहीच उरेना, म्हणून तिथं त्यानं स्वतःच्या पदरचं एक सोन्याचं सिंहासन नेऊन ठेवलं.

आणि गुहेतून बाहेर आलेली माणसं कशाबद्दलच बोलायची नाहीत. डेपोपर्यंत गाडीत टाचणी पडली तरी ऐकू यावी. त्यावरून त्यानं सरळ निष्कर्ष काढला आणि बायकोला सांगून टाकला, "गुहेत काही नाही. अंधार आहे. लोक वैतागून बाहेर येतात."

बायको स्वतः कधी गेली नाही. मुलं, घर, सासूबाईंचे गुडघे. आणि ती म्हणायची, "हे इतकं छान सांगतात, मी पाहिल्यासारखंच आहे." चाललं होतं ते बरं चाललं होतं. पण हँडब्रेक निवृत्त झाला, कंपनीनं खूश होऊन त्याच्याच बसचे चार पास हातात ठेवले, आणि नेमके तेव्हाच बायकोची थोरली बहीण आणि साडू मुक्कामाला आले.

साडूचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्याला एक वाईट सवय होती. तो पाट्या वाचायचा. दिसेल ती पाटी, मोठ्यानं, शेवटच्या ओळीपर्यंत, खाली रंगाऱ्याचं नाव असेल तर तेही.

"ताई, आता बघशील तू!" बायको आदल्या दिवसापासून सुटली होती. "संग्रहालयात अशी एक खोली आहे, बाहेर कडक ऊन आणि आत छतावर गडगडाट. हे सांगतात ना, काटा येतो अंगावर. फक्त ह्यांना काही वाटायचं नाही हं. शेकडो वेळा पाहिलंय, जांभया देतील."

गडगडाट आहे की नाही, देवमासा आहे की नाही, हे नंतरचं. आपल्याला जांभया द्यायच्या आहेत, हे हँडब्रेकला आत्ता कळलं. आरशासमोर उभं राहून त्यानं दोन-तीन जांभया देऊन पाहिल्या. तिसरी बरी वठली.

सकाळी बसमध्ये तो जन्मात पहिल्यांदा मागच्या सीटवर बसला. पाय आपोआप पुढे जाऊन नसलेला ब्रेक दाबत होते. गाडी चालवायला त्याच्याच हाताखाली शिकलेला नवा ड्रायव्हर होता. राजवाड्याच्या पार्किंगला सगळे उतरले, तसा तो खिडकीतून ओरडला, "उस्ताद! तुम्ही आत निघालात? तुम्ही?"

"पाहुणे आहेत ना," हँडब्रेक घाईघाईनं म्हणाला आणि बायकोला कोपरानं पुढे ढकललं.

पार्किंगमधल्या प्रत्येकानं त्याला हाक मारली. झाडूवाल्या मावशीनं, शहाळीवाल्यानं, गाड्या पुसणाऱ्यानं. अंगावर ठिपके असलेलं एक लंगडं कुत्रं दारापर्यंत पोचवायला आलं. दारावरच्या पास तपासणाऱ्यानं मात्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आणि आत शिरल्यावर हँडब्रेकला डावीकडे जायचं की उजवीकडे, हेच कळेना. तो सरळ चालत गेला आणि झाडू-बादल्या ठेवायच्या खोलीत शिरला. मागोमाग तिघं.

"हे काय?" साडूनं विचारलं.

"जुना भाग आहे," हँडब्रेक म्हणाला.

साडूनं बादलीवरचं लेबलसुद्धा वाचलं.

कसेबसे ते दरबारात आले. खांब होते, झुंबरं होती, गालिचे होते. सिंहासन नव्हतं.

"अहो, सोन्याचं सिंहासन?"

"पॉलिशला गेलं असेल."

बायकोनं मान हलवली. तिला ते पटलंही असावं. पण दरबाराच्या मागच्या बाजूला राजाचं खासगी नाटकघर निघालं. छोटंसं, लाकडी, भिंती निळ्या रंगवलेल्या आणि छताला ढग काढलेले. इतके खरे, की बघता बघता मान मागे पडावी. तिथल्या सेवकानं काही न बोलता एक दोर ओढला.

आणि छतावरून गडगडाट गेला. नुसता आवाज नव्हे. तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत डोक्यावरून चालत गेला, वळला, परत आला, आणि बसायच्या बाकांतून अंगात शिरला. हँडब्रेकची पाचावर धारण बसली. त्यानं दोन्ही पाय जमिनीत रोवून करकचून ब्रेक मारला आणि समोरच्या बाईच्या खुर्चीला लाथ बसली.

"राजानं करवून घेतलं होतं," सेवक सांगू लागला. "छताच्या वर लाकडी पन्हळ आहे, वळणावळणाची. तिच्यातून दगडी गोळे सोडतात. नाटकात पाऊस आला की गोळे सोडायचे. एकदा नाटकातला पाऊस ऐकून राजाच्या आईनं गच्चीवरचे कपडे काढून आणवले."

हँडब्रेक छताकडे बघतच राहिला होता. पलीकडे, त्या रंगवलेल्या ढगांच्या वर, गोळे घरंगळतायत. इतकी वर्षं आपण या भिंतीपासून शंभर पावलांवर झोपलो होतो आणि वर हे चाललं होतं! कितीदा तरी झोपेत त्याला वाटलं होतं, की आभाळ भरून आलं. तो उठून काचा वर करायचा.

"अहो," बायको कानाशी म्हणाली, "हा तर संग्रहालयातला गडगडाट."

हँडब्रेक भानावर आला. आठवणीनं एक जांभई दिली. "इकडे आणला," तो म्हणाला.

"गडगडाट आणला?"

"टेम्पोतून."

साडू तोवर भिंतीजवळ पोचला होता. "'ही योजना,'" तो मोठ्यानं वाचू लागला, "'नाटकघर बांधल्या दिवसापासून याच जागी...'"

"चला चला, बस सुटेल!" हँडब्रेकनं त्याला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं.

संग्रहालयात पहिल्या दालनात मडकी होती, दुसऱ्यात नाणी होती. हँडब्रेकला जरा हायसं वाटलं. मडक्यांसमोर जांभई आपसूक येत होती. तिसऱ्या दालनाचं दार ढकललं आणि त्याची जांभई अर्ध्यातच अडकली.

वर तो होता. दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, लोखंडी सळयांना टांगलेला, पिवळट पांढरा. त्याची एकेक बरगडी म्हणजे उलटी टांगलेली होडी. त्या होड्यांची रांगच रांग, आणि त्यांच्या खालून माणसं मुंग्यांसारखी चालली होती. हँडब्रेकही चालू लागला. त्याला वाटलं, आपण एखाद्या लांबच लांब बोगद्यातून गाडी नेतोय आणि बोगदा जिवंत होता. चालता चालता तो देवमाशाच्या पराखाली आला, वर पाहिलं आणि थबकला. त्या परामध्ये बोटं होती. माणसाच्या हातासारखी बोटं, पेरंन् पेरं वेगळी. समुद्राच्या तळाशी, काळोखात, एवढ्या धुडाच्या आत एक हात मिटून बसलेला. हँडब्रेकनं नकळत आपला हात वर केला आणि बोटं पसरून त्या बोटांखाली धरली.

"ही तर बागेतली हाडं!" बायको मागून म्हणाली.

त्यानं हात झटकन खाली घेतला आणि त्याच हातानं तोंड झाकून जांभई दिली. डोळ्यांत पाणी आलं. जांभईचं म्हणून खपलं. "बाहेर भिजत होता," तो म्हणाला. "आत घेतला."

"कधी?"

"मागच्याच महिन्यात."

"ऐका," साडूनं घसा साफ केला. "'हा देवमासा इतका मोठा होता, की आधी तो मांडण्यात आला आणि मग त्याच्याभोवती ही इमारत उभारण्यात आली.'" त्यानं चष्मा नाकावर सरकवला आणि हँडब्रेककडे बघून पुन्हा वाचलं. "'मग त्याच्याभोवती.'"

"पाटी जुनी आहे," हँडब्रेक म्हणाला.

"इमारतही जुनीच दिसते."

"साडूभाऊ, रोज येणारा मी की तुम्ही?"

साडूनं चष्मा पुसला आणि पाटी मनातल्या मनात पुन्हा वाचली. बायको देवमाशाकडे पाहत होती, आणि मधूनच नवऱ्याकडे.

बागेत शिरताना हँडब्रेकची उरलीसुरली हवा गेली होती. ज्या बागेत त्याचा देवमासा होता, ती आता रिकामी पडली. तिथं काय आहे, याचा त्याला पत्ताच नव्हता. झाडं असतील. झाडांना काय घाबरायचं?

बांबूच्या कमानीतून वळल्यावर तळं लागलं, आणि तळ्यात पानं होती. हँडब्रेकनं आधी ओळखलीच नाहीत. त्याला वाटलं, कुणीतरी हिरव्या पराती पाण्यात सोडल्यात. एकेक परात अशी, की त्याच्या बसचं चाक तिच्यात आडवं ठेवून भोवती माणसं जेवायला बसवावीत. काठ सगळीकडून सुबक वर वळलेले, जणू कुणी बोटानं दाबून दाबून केलेत. माळ्यानं एका पानाची कड काठीनं उचलून खालची बाजू दाखवली. खाली लालभडक शिरांचं जाळं होतं, पुलाच्या लोखंडी कमानीसारखं, आणि त्यावर बोटभर काटे.

"एक लहान मूल बसवा," माळी म्हणाला, "बुडायचं नाही."

"आयला!" हँडब्रेक म्हणाला. "एवढं पान?"

तोंडातून गेलं ते गेलं. बायकोनं सावकाश वळून पाहिलं.

"हे कधी सांगितलं नाहीत मला?"

"हे... आताच उगवलं."

"आताच?"

"दोन-चार दिवसांत वाढतं ते. होय की नाही हो?" त्यानं माळ्याकडे आशेनं पाहिलं.

"तळं माझ्या आजोबांनी लावलं," माळी म्हणाला.

बायकोनं पुढे विचारायला तोंड उघडलं, आणि नेमक्या त्याच वेळी साडू हँडब्रेकच्या मदतीला धावून आला. म्हणजे तसा त्याचा विचार नव्हता. पाण्यात एक छोटी पाटी रोवलेली होती, तिच्यावरची शेवटची ओळ वाचायला तो वाकला, अजून वाकला, आणि त्याचा चष्मा नाकावरून सुटून अलगद एका पानाच्या मध्यात जाऊन पडला. पान जरासं डुललं आणि स्थिर झालं. काठापासून चष्मा कुणाच्याच हाताला येईना.

"माझा चष्मा!" साडू हवेत हात फिरवू लागला. "कुठाय? कुठाय?"

"परातीत आहे," ताई म्हणाली.

"अहो माळीबुवा, काहीतरी करा!"

"होडी दुरुस्तीला गेलीय," माळी म्हणाला. "पानावर काठी मारायची नाही, काटे मोडतात. होडी आली की काढू."

तेवढ्यात एक बेडूक त्या पानावर चढला, इकडेतिकडे पाहत चष्म्यापाशी आला आणि एका काचेमागे बसून राहिला. काचेतून त्याचा डोळा बशीएवढा दिसत होता. सगळी सहल हसून हसून बेजार झाली. ताईनं तर डोळे पुसत विचारलं, "काय हो, घरी दुकानात भिंतभर चष्मे टांगलेत, त्यातला एक पिशवीत टाकता येत नव्हता?"

साडूला त्या बेडकाचं नाव-गाव वाचता येत नव्हतं. हँडब्रेकला मनातून वाटलं, देव आहे. आता शहरातली एकही पाटी बोलणार नाही.

पण बसकडे परत येताना बायको त्याच्या बाजूनं चालत होती, आणि ती हसत नव्हती.

"अहो, एक विचारू?"

"विचार की."

"बाहेर पार्किंगमधलं कुत्रंसुद्धा तुम्हाला ओळखतं. आत तुम्हाला एकही माणूस कसा ओळखत नाही?"

"आतली माणसं कामात असतात," हँडब्रेक म्हणाला. त्याचं त्यालाच ते बोलणं पोकळ वाजल्यासारखं वाटलं.

डोंगराचा रस्ता लागला. गाडीत आता बडबड सुरू झाली होती. मागच्या सीटवर कुणीतरी म्हणत होतं, "काय तो मासा! मी म्हणते, काय त्याची बोटं!" हँडब्रेक कान देऊन ऐकत राहिला. बाग झाली, आणि माणसं आत्ता देवमाशाबद्दल बोलत होती! त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बोलणं एक स्टॉप मागून येतं. एवढी वर्षं! त्यानं कपाळावर हात मारला.

"डास?" बायकोनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. आजच्या दिवसातली ही बहुतेक शेवटची थाप, असं त्याला वाटून गेलं.

गुहेच्या पार्किंगला ऊन तिरपं झालं होतं. माणसं उतरू लागली. बायको जागची उठली आणि नेहमीच्या मायेनं म्हणाली, "तुम्ही दमलात. इथं तर काही नाहीच म्हणता, अंधारच आहे. तुम्ही बसा गाडीत, मी ताईला नेऊन आणते."

"बसा की उस्ताद!" नवा ड्रायव्हर म्हणाला. "गप्पा मारू."

बसलं असतं तर सगळं निभावलं असतं. उद्या गडगडाटाचा टेम्पो आणि भिजलेला देवमासा घोळून घोळून पटवता आला असता. तेवढी हातोटी त्याच्याकडे होती. त्यानं सीटची दांडी चाचपली. सीट मागे पडली. ओळखीचं झाड, ओळखीची सावली, टपाच्या पत्र्याची ओळखीची ऊब.

आणि त्याला ती माणसं आठवली. इतक्या वर्षांची, याच दारातून बाहेर येणारी माणसं. भांडत आत गेलेली जोडपी, किरकिरी म्हातारी, फोनवर ओरडणारे व्यापारी. सगळी गप्प होऊन बाहेर यायची. वैतागलेला माणूस गप्प बसत नाही, हे ड्रायव्हरपेक्षा जास्त कुणाला कळणार? देवमाशासारखा देवमासा पाहून माणूस चार तास बडबडतो. मग या डोंगराच्या पोटात असं आहे तरी काय, की माणूस शेवटपर्यंत बोलत नाही?

"येतो मी," हँडब्रेक म्हणाला आणि उठला. आत गेलो तर तोंडावरचा मुखवटा टिकायचा नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी तो उतरला.

गुहेचं तोंड अरुंद होतं. ओल्या पायऱ्या खाली खाली जात होत्या आणि खरोखरच अंधार होता. ताईनं साडूचा हात धरला होता. कुणाच्या तरी पायाखाली पाणी चुबकलं, कुणीतरी "अगं आई गं" म्हणालं. मग पायऱ्या संपल्या, भिंती दूर झाल्या आणि कानांना कळलं, की आपण फार मोठ्या जागेत आलोय. समोर पाणी होतं, पण दिसत नव्हतं. वर कुठंतरी, छताला, एक भोक होतं. त्यातून आभाळाचा एवढासा तुकडा दिसत होता. बस्स.

"हे म्हणाले होते तसंच," बायको कुजबुजली. "काही नाही."

आणि सूर्य त्या भोकापाशी आला.

आधी पाण्यावर एक ठिणगी पडली. मग ती ठिणगी लांबली, रुंद झाली आणि बघता बघता वरून खालपर्यंत उजेडाचा एक खांब उभा राहिला. राजवाड्यातल्या कुठल्याही खांबापेक्षा जाड, आणि त्याला हात लावला तर लागेल असं वाटावं इतका भरीव. तो खांब पाण्यात बुडाला आणि पाणी आतून पेटलं. हिरवं, मग निळं, मग ज्याला नावच नाही असं काहीतरी. तळाचे गोटे, त्यांच्यावरून सरकणारे मासे, माशांच्या सावल्या, सगळं दिसू लागलं. पाण्याचा उजेड उडून छताला लागला आणि छत हलू लागलं. अख्खा डोंगर आतून श्वास घेत होता. ज्या छताच्या वर हँडब्रेकनं आपली गाडी लावून जन्म काढला, ते छत.

कुणीच काही बोललं नाही. फक्त एकाच्या तोंडून आवाज निघाला. "बाप रे," असा, लहान पोरासारखा. आवाज गुहेत फिरला, भिंतींना लागला आणि परत आला. बाप रे. बाप रे.

तो हँडब्रेक होता. त्याचा जबडा लोंबत होता, गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि जांभई कशाशी खातात, हे तो साफ विसरला होता.

बायको उजेडाकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. त्याच्या उघड्या तोंडावर ते हिरवं पाणी हलत होतं.

"अहो," ती हळूच म्हणाली. "तुम्ही पहिल्यांदा बघताय."

त्यानं मान हलवली.

"राजवाडापण?"

त्यानं मान हलवली.

"देवमासा?"

"सगळंच," हँडब्रेक म्हणाला. "मी कायम गाडीतच होतो. म्हणून तर हँडब्रेक म्हणतात."

तिनं तोंड फिरवलं. उजेडाचा खांब हळूहळू तिरपा झाला, बारीक झाला आणि भोकातून निघून गेला. हँडब्रेकला वाटलं, त्याच्याबरोबर आपलंही काहीतरी गेलं.

सगळे वर आले आणि गुपचूप गाडीत बसले. साडू, ज्यानं आयुष्यात एकही पाटी सोडली नव्हती, तो कितीतरी वेळानं ताईला म्हणाला, "मला नुसता रंग दिसला गं." आणि पुन्हा गप्प झाला. बेडकाकडचा चष्मा त्याला बहुतेक आठवलाच नाही.

नवा ड्रायव्हर आरशातून बघत होता. "उस्ताद," त्यानं विचारलं, "काही नाहीच का हो आत? सगळे असे का येतात?"

हँडब्रेक उठून पुढे गेला आणि हात पुढे केला. "किल्ली दे."

"का?"

"दे. आणि खाली जा. अजून थोडं ऊन आहे, कडेनं थोडं पडेल आत. लग्न ठरलंय ना तुझं?"

"हो, पण कंपनीचा नियम..."

"नियम मी सांभाळतो. उद्या ती विचारेल, काय पाहिलंत म्हणून. पळ!"

नवा ड्रायव्हर बिचारा गांगरून पळाला. हँडब्रेक आपल्या जुन्या सीटवर बसला. गाडी चिडीचूप होती. थोड्या वेळानं शेजारच्या बाकावर कुणीतरी येऊन बसलं. त्यानं वळून बघायचं धाडस केलं नाही.

"गल्लीतल्या सगळ्यांना सांगितलं मी," बायको म्हणाली. "मुलांना सांगितलं. नातवंडांना झोपवताना सांगितलं. माझा देवमासा बागेत आहे म्हणून सांगितलं मी."

"हो."

"आता सगळ्यांकडे जाऊन तो हलवावा लागेल."

"टेम्पो बघतो मी," हँडब्रेक इतक्या बारीक आवाजात म्हणाला, की त्याला वाटलं ऐकू गेलं नसेल.

पण तिचे खांदे हलले. आधी त्याला वाटलं रडतेय. मग कळलं, हसतेय. हसता हसता तिनं त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली, चांगली लाल होईल अशी. पाठोपाठ दुसरी मारली, तीही कमी नव्हती.

"एवढी वर्षं बसून होतात इथं," ती म्हणाली. "आत जायला काय पाय मोडले होते? ते आत आहे, आणि तुम्ही इथं घोरत होतात?"

त्याला स्वतःलाच ते कळत नव्हतं.

"तोंड कसलं झालं होतं तुमचं तिथं," ती म्हणाली. "आ करून. लग्नात पण नव्हतं तसं."

तो वळला. ती बघत होती. पाण्याकडे नव्हे, हाडांकडे नव्हे.

"उद्या परत न्यायचं मला," बायको म्हणाली. "चारही ठिकाणी. पहिल्यापासून." मग जरा थांबून, कंडक्टरच्या आवाजात तिनं बजावलं, "आणि जांभई द्यायची नाही."